पिवळे इशारे

सॅन होजेतल्या त्या टाकोच्या दुकानात बाकावर एकच जागा रिकामी होती, आणि शेजारी ग्रेडी लॅपटॉपला शिव्या घालत बसला होता. त्याचं ॲप उघडायचं आणि लगेच कोसळायचं. त्या जागेवर येऊन बसलेल्या लोरेनाचंही पोट ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंगच्या भाषेवरच चालायचं. तिला राहवलं नाही.

“ती मेथड ऑब्जेक्ट मागतेय, आणि तू नुसता आकडा हातावर ठेवलायस. डबीत घालून दे की!”

“पण कंपायलरने तर जाऊ दिलं...”

“पिवळा इशारा दिला असेल.” कोड तपासताना कंपायलर शंका आली की पिवळा इशारा देऊन पुढे जाऊ देतो, लाल दिला की मात्र अडवतो.

“ते काय, रोजचेच! लाल आल्याशिवाय मी थांबत नाही,” तो हसून म्हणाला, आणि ताटलीतला शेवटचा टाको त्याने तिच्यापुढे सरकवला.

त्या हसण्यावरच भाळली वेडी! वर्षभर दोघं एकमेकांच्या चुका काढत राहिली, एका कीबोर्डवर बोटांना बोटं लागत राहिली. फक्त “आईकडे जेवायला ये” म्हटलं, की ग्रेडीचं “पुढच्या रविवारी” ठरलेलं. मग तिला पोर्टलंडच्या नोकरीचं बोलावणं आलं. “जाऊ का?” तिने विचारलं. “तुला वाटेल ते कर,” तो म्हणाला. ‘नको जाऊस’ एवढंच तिला ऐकायचं होतं.

“या रविवारी आई पोसोले करतेय,” ती शेवटी म्हणाली. “येशील ना? सोमवारी मला पोर्टलंडला कळवायचंय...”

“येतो गं! त्यात काय एवढं?”

रविवारी पोसोलेचा तो मक्या-मांसाचा रस्सा पुन्हा पुन्हा गरम झाला. संध्याकाळी आईने त्याची ताटली कोरीच उचलली. लोरेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी ग्रेडी तिच्या ऑफिसच्या दारात उभा होता, चेहरा नुसता फुललेला, लॅपटॉप उघडा.

“बघ, एकही पिवळा उरला नाही! काल दिवसभर बसून सगळे काढले... तुझ्यासाठी. माझं प्रेम आहे तुझ्यावर, लोरेना.”

या वाक्यासाठी तिचे कान वर्षभर आसुसले होते. आता ते ऐकून तिला रडू आलं.

“काल रविवार होता, ग्रेडी.”

त्याचा चेहरा उतरला. “अरे देवा... तुझी आई! पुढच्या रविवारी नक्की—”

“मी पोर्टलंडला हो कळवलंय.”

“पण तुला एवढं लागतंय, हे एकदा तरी सांगायचंस!”

“वर्षभर सांगत होते. ओरडले नाही, एवढंच.”

तिने पडद्यावर नजर फिरवली. काम खरंच सुरेख झालं होतं. तसं तिने त्याला सांगितलं, डोळे पुसले, आणि ती आत गेली.