बिब्ब्याची खूण

नसरीनने पिशवीतून ब्लाउज काढून टेबलावर टाकला. "हात नका लावू, ताई. याच्यानंच नवरीची मान जळली."

सुरभी राठोडने पेन्सिलीच्या टोकाने गळ्याची आतली बाजू उलटी केली. मानेमागे येते त्या जागी दोन काळे ठिपके होते, आणि त्यांच्याखाली आडवी रेघ.

"बिब्बा," ती म्हणाली.

"बिब्बा तर गुडघेदुखीवर लावतेत," श्रावण म्हणाला. यवतमाळच्या या एका खोलीच्या खाजगी तपास कचेरीत पहिली खुर्ची सुरभीची, दुसरी त्याची. एसटीत तीस वर्षं कंडक्टरी केली. माणसं मोजण्यात पटाईत, पण ओळखण्यात कायम एक थांबा मागे.

"जरा जास्त झाला की कातडी सोलून निघते. पूर्वी लाँड्रीवाले त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे आणि रस पक्का होऊन अंगाला लागू नये म्हणून वर चुना लावायचे. कितीही धुवा, डाग जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी असायची."

नसरीन उमरखेडच्या 'नवरंग ड्रायक्लीन अँड टेलर्स'च्या जफरभाईंची मुलगी. महिन्याभरात त्यांच्या तीन गिऱ्हाइकांच्या मानेवर फोड आले होते. पहिले पंजाबराव, जाकिटाने. मग कपिल, शर्टाने. शेवटी कपिलची बहीण निकिता. तिने हा ब्लाउज हळदीला घातला आणि रिसेप्शनला मान फोडांनी भरली. लग्नाच्या एकूण एक फोटोत ती पदर गळ्याशी गच्च धरून उभी आहे.

"तिन्ही कपड्यांवर हीच खूण?"

"हीच. कपिलदादानं उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत देल्ली. मंग पोलिसात तक्रार अन् दुकानाले कुलूप. चाळीस वर्सांचं दुकान, ताई. अब्बा दोन दिवसांपासून जेवले नाईत." तिने ब्लाउज पिशवीत कोंबला. "मले फक्त नाव सांगा. पुढचं मी पाहून घेते."

ती अजिबात ओरडली नाही. श्रावणला तिची भीती वाटली ती त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं उमरखेडला पोचले. दुकान लहान. मागे इस्त्रीचं टेबल, मध्ये शिलाई मशीन, पुढे तयार कपड्यांचा लांब दांडा आणि त्याला लागूनच गिऱ्हाइकांचं बाकडं. लग्नसराईत इथे कोणी कोणाला कपडे काढून देत नाही. ज्याने त्याने दांड्यावरचे आपापले ओळखून जफरभाईंपुढे ठेवायचे. दांड्याच्या अगदी टोकाला एक पांढरी कापडी पिशवी टांगलेली होती. तिच्यावर लाल दोऱ्याने '१' शिवलेला.

"ही कोणाची?" सुरभीने विचारलं.

"हाय एकाची," जफरभाई म्हणाले. "न्यायची राह्यली." साठीचा, वाकलेला माणूस. नसरीनने ब्लाउजची खूण पुढे धरली तेव्हा त्यांनी एकदाच पाहिली आणि मान फिरवली.

"तुम्ही बिब्बा वापरता?"

"बारा वर्सं झाली, बाई. बिब्बा या उंबऱ्याच्या आत आला नाई." त्यांनी दांड्यावरच्या एका कुर्त्याची खालची शिवण उलटून दाखवली. आत बोटभर कापडी पट्टी होती, तिच्यावर दोऱ्याने नंबर. "अशी पट्टी लावतो अन् माल देतानी मागं नेऊन उसवून घेतो."

"मग बिब्बा सोडला कशामुळे?"

"एकाचं लई नुकसान झालं आमच्या हातून." त्यांनी कुर्ता पुन्हा दांड्यावर सरळ केला.

समोरच्याच रांगेत त्यांचा पुतण्या शहजाद याचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी भांडून वेगळा झालेला.

"चाचाचं दुकान बंद झालं तर मी पेढे वाटीन," तो सरळ म्हणाला. "पण बिब्बा कोण लावीन, ताई? चाचानं बिब्ब्याची बरणी मलेच नाल्यात फेकाले लावली होती. पहिल्या शंभर पट्ट्या मीच शिवल्या. त्यायले अडकवाचं असतं तर मी पट्ट्याच अदलाबदल केल्या असत्या."

सुरभीला हा उघडावाघडा द्वेष आवडला. लपवलेला तिला कधीच आवडत नसे.

इस्त्रीवाला रामधन वीस वर्षांपासून जफरभाईंकडेच. साडी जाळली म्हणून जफरभाईंनी गेल्या महिन्यात त्याला चारचौघांत झापलं होतं.

"राग हाय न. काहून नसन?" तो म्हणाला. "पण हे पाहा." त्याने दोन्ही तळहात पुढे केले. स्वच्छ होते. "मी गळा हातानं दाबून इस्तरी करतो. आधीच बिब्बा लागला असता तर पयले माझे हात सोलले असते."

"म्हणजे इस्त्री झाल्यावर लागला."

"मंग कपडा दांड्यावरच जातो, बाई."

बाकड्यावर पंजाबराव पेपर वाचत बसले होते. निवृत्त ग्रामसेवक. बायको गेल्यावर घर बंद करून राजूरला, कोळसा खाणीत नोकरीला असलेल्या मुलाकडे राहिले होते. चार महिन्यांपूर्वी परत आले, तेव्हापासून रोज सकाळी इथेच. नसरीनने त्यांना चहा दिला. कप धरताना उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट चिकटपट्टीत गुंडाळलेलं दिसलं.

"काय लागलं, काका?" सुरभीने विचारलं.

"अडकित्ता सरकला. म्हातारपण." त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे पाहा, निकिताच्या साखरपुड्याचा फोटो. हेच ते जाकीट." फोटोत पांढरा शर्ट, कडक कॉलर, गळ्यापर्यंत गुंड्या आणि वर जाकीट. मग त्यांनी वाकून मान दाखवली. कॉलरच्या रेषेखाली खपल्या धरल्या होत्या. "याच जाकिटाच्या गळ्यानं मान सोलली. जफर देवमाणूस हाय, पण जुनी खोड जात नाई. अजूनबी बिब्ब्यानंच खुणा करतेत हे. चुना कमी पडला असन."

निघताना श्रावणने सवयीने सुपारीची डबी पुढे केली.

"दात कुठी राह्यले, बाप्पा? सुपारी सोडून जमाना झाला," पंजाबराव हसत म्हणाले.

बाहेर येताच श्रावणने निकाल लावून टाकला. "शहजादच."

"शहजादला पट्ट्या माहीत आहेत. सगळ्यांना बोलवा."

चार वाजता दुकान भरलं. कपिल दारात उभा होता, तक्रारीचा कागद खिशात घेऊन. निकिता गळ्याशी ओढणी धरून बसली. अजून सोडवत नव्हती.

"ज्याने हे केलं," सुरभी म्हणाली, "तो बारा वर्षं मागे राहिलेला माणूस आहे. त्याला वाटलं, इथे अजून बिब्ब्याची खूण करतात. फोड आले की लोक दुकानाच्या निष्काळजीपणाला दोष देतील. शहजाद असं करणार नाही, रामधन करणार नाही. त्या दोघांना खरं माहीत आहे. माल देताना पट्टी मागे नेऊन उसवतात, म्हणून फक्त बाहेरून पाहणाऱ्याला बदल कळला नाही."

"असे गिऱ्हाईक लई असतीन," कपिल म्हणाला.

"असतील. पण बिब्बा इस्त्रीनंतर, दांड्यावर लागला. दांड्याशेजारी रोज तासन् तास कोण बसतं?"

सगळ्यांच्या माना बाकड्याकडे वळल्या.

"माझीच मान जळली न!" पंजाबराव म्हणाले.

"जाकिटाने? तुमच्या शर्टाची कॉलर मध्ये होती, काका. जाकिटाचा गळा मानेला लागलाच नाही, आणि खपल्या कॉलरच्या खाली आहेत. संशय येऊ नये म्हणून तुम्ही स्वतःच्या हाताने तिथे रस लावला. सुपारी सोडून जमाना झालेल्या माणसाचं बोट अडकित्त्याने कापत नाही. चिकटपट्टी काढा."

ते हलले नाहीत. श्रावणने पुढे होऊन हात धरला आणि पट्टी ओढली. जखम नव्हती. दोन्ही बोटांची टोकं काळी होती.

"राहिली खूण. दोन वेगळ्या घरांच्या कपड्यांवर एकच खूण? ही कपड्याची ओळख नाही, लावणाऱ्याची सही आहे. जफरभाई, ही खूण कोणाच्या घरची?"

जफरभाईंनी डोळे पुसले. "इंदूबाईच्या. पंजाबरावच्या मालकिणीच्या. पाहिल्याबरोबर वळखली मी."

"अन् गप राह्यले, अब्बा?" नसरीन ओरडली.

"गुन्हा आमचाच होता, बेटा. रेशमाले बिब्बा लावत नव्हतो, चिंधीवर खूण करून टाचाचो. चिंधी सुटली. त्यायचा शालू दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेला."

"अर्धं काहून सांगतो?" पंजाबराव उठून उभे राहिले. त्यांचं हसू गेलं होतं. "सवाष्ण गेली माझी इंदू. लग्नाच्या शालूत न्या मले, एवढंच मांगणं होतं तिचं. मी धावत आलतो इथं. अन् यानं माझ्यापुढं दुसरीच एक साडी धरली. म्हणे ही घेऊन जा! बारा वर्सं मी तो हात पाहून राह्यलो. मले याचं दुकान बुडालेलं पाहाचं होतं, रोज थोडं थोडं, समोर बसून, याचाच चहा पिऊन."

"माह्या लग्नातच काहून?" निकिताने विचारलं.

"नवरीच्या कपड्याचं काय मोल असते ते त्याले कळावं म्हणून." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

कपिलने खिशातला कागद काढून फाडला. "आता दुसऱ्या नावानं लिहितो."

जफरभाई दांड्याच्या टोकाशी गेले आणि एक नंबरची पिशवी काढून आणली. "दोन महिन्यांनी सापडला. दोनदा घरी आलतो, तुमच्या दाराले कुलूप होतं. त्याच दिवशी बिब्बा फेकला अन् पयली पट्टी याले शिवली. दरसाल काढतो, साफ करतो. तुम्ही हसत परत आले, तं वाटलं माफ केलं. मंग तोंड उघडाची हिंमतच झाली नाई."

त्यांनी पिशवी उघडली. हिरवा शालू होता, नीट घडी घातलेला. चार महिने पंजाबराव त्याच्यापासून हातभर अंतरावर बसत होते.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आणि बोटांची काळी टोकं दिसताच ते हात तसेच हवेत राहिले. रेशमाला टेकेनात, मागेही घेववेनात.

"पाणी द्या कोणी," ते म्हणाले. "साबण द्या."

"बिब्बा धुतल्यानं जात नाई, काका," नसरीन म्हणाली.

पुढचं ती पाहून घेणार होतीच. तिने वडिलांच्या हातातून शालू घेतला, पुन्हा पिशवीत घातला आणि पिशवी होती तिथे टांगली.