मल्लखांबाची डोलकाठी

शनिवार, १२ ऑक्टोबर १९५७. दिवसभर उकाडा, संध्याकाळी ईशान्येकडून मंद वारा. आकाश निरभ्र. कोजागिरी होऊन चार दिवस झालेले.

"तात्या, भूत आधी सांगा, हवामान मागून," रामू म्हणाला. आमच्या परळच्या चाळीतले दिवे गेले होते आणि गॅलरीत चटया टाकून पोरंपोरी बसली होती.

"समुद्रावरची गोष्ट आहे रे," मी म्हटलं. "वारा कुठून होता ते कळलं नाही, तर भूतही कळायचं नाही."

"रामूला दोन्ही नाही कळायचं," नलू म्हणाली. सगळे हसले. ते हसून झाल्यावर मी सांगायला लागलो. लवूने मला जसं सांगितलं, तसंच.

लवू माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. गिरणीत सुतारखात्यात होता. तीन वर्षांचे रविवार घालून त्याने शिवडी बंदराजवळच्या एका मोडक्या शेडमध्ये होडी बांधली. फळ्या सागाच्या, शीड मांजरपाटाचं. खिळासुद्धा दुसऱ्याला ठोकू दिला नाही. कारण असं होतं की रेवसच्या गणपत तांडेलाच्या मुलीला, कांताला, त्याने मागणी घातली होती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि हा म्हातारा मोठा तिरसट. तो म्हणाला, "चाळीतल्या सुताराला मुलगी देत नाही मी. स्वतः बांधलेल्या होडीतून एकटा रेवसला ये. मग साखरपुड्याचं बोलू."

होडी झाली, डोलकाठी तेवढी राहिली. त्यासाठी लवूने लालबागच्या आमच्या तालमीतला मल्लखांब आणला.

"तोच का, तात्या? बुधाजीचा?" रामूने विचारलं.

"तोच."

तुमच्यातल्या धाकट्यांना बुधाजी माहीत नसेल. त्याच फेब्रुवारीत, निवडणुकीच्या आधी, कामगार मैदानावर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. सभेआधी आमच्या तालमीची प्रात्यक्षिकं व्हायची होती. मल्लखांबाच्या अगदी टोकाला, बोंडावर उभं राहून झेंडा फडकवायचा मान एकालाच मिळणार होता. वस्तादांनी बुधाजीला निवडलं. लवूचा नंबर दुसरा. आदल्या संध्याकाळी सराव करताना बुधाजी वरून डोक्यावर आला. मान मोडली, जागच्या जागी गेला. तेव्हा तालमीत दोघंच होते. लवू म्हणाला, पाय घसरला. खांबाला एरंडेल लावलेलं असतंच, सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी झेंडा लवूने फडकवला. वस्तादांनी मग तो खांब उपटून भिंतीला टेकवून ठेवला. त्याला कुणी शिवेना.

"अरे, मुंबईत दुसरं लाकूड नाही मिळालं तुला?" मी त्याला विचारलं होतं.

"वीस वर्षं तेल प्यायलेलं शिसव आहे, तात्या. असं कुठे मिळतंय? आणि मीच टाळायला लागलो, तर लोक काय म्हणतील?"



तालमीचा एक नियम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खांबावर एक जण असेल, तर तो आपणहून उतरेपर्यंत दुसऱ्याने खांबाला हात लावायचा नाही. उशीर होत असला, तर खाली उभं राहून मांडीवर शड्डू ठोकायचा. शड्डू ठोकला म्हणजे, उतर, आता मी. मग वरच्याने उतरायचं, आणि ठोकणाऱ्याने चढायचं. चढायचंच. शड्डू ठोकून मागे सरणाऱ्याला वस्ताद वेताने फोडायचे.

तर त्या शनिवारी चारच्या सुमारास, ओहोटी लागली तशी, लवूने होडी सोडली. बरोबर तांडेलासाठी पेढे आणि एक कोरं धोतर. मी बंदरावर पोचवायला गेलो होतो. "उद्या तांडेलाचा जावई म्हणून येतो," असं ओरडून त्याने हात केला. होडी छान चालली होती. दिवेलागणीला घारापुरी मागे पडली.

नऊला वारा पडला.

कारंजा गावाचे दिवे डावीकडे दिसत होते. रेवस पुढे, अजून बरंच लांब. शीड लोंबत होतं, पाणी हलत नव्हतं. लवू सुकाणूशी बसून विडी पेटवत होता. तेवढ्यात होडी एका अंगाला कलली. लाट नसताना. मग दुसऱ्या अंगाला. कुणी झाडावर चढताना झाड हलतं, तशी.

त्याने वर पाहिलं.

चंद्र नुकता वर आला होता. डोलकाठीच्या टोकाखाली मांड्यांची पकड घालून कुणीतरी उलटं लटकलं होतं. हात मोकळे सोडलेले. मान... जिथून वळायला नको, तिथून वळलेली.

लवूने डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले. होतं तिथेच होतं. फक्त एक हात लांबत खाली, पार सुकाणूपर्यंत आला होता.

त्या हाताने लवूचे केस धरले.

वर ओढलं. खांबावर तोंड आपटलं. एकदा. दोनदा. पुढचे दात घशात गेले. लवू तालमीतला गडी, त्याने दोन्ही हातांनी ते मनगट धरलं. मनगट गार नव्हतं. गरम होतं, घामाने निसरडं, सरावातून आल्यासारखं. त्याने लवूचा उजवा हात पिळला. खांदा निखळल्याचा आवाज लवूने स्वतः ऐकला. मग बोटं गळ्यावर आली.

"मी..." लवू म्हणाला. "पाय मी ओढला तुझा. बुधाजी... घसरला नव्हतास तू. मी ओढला."

बोटं आवळतच गेली.

"झेंड्यासाठी... चुकलो रे..."

आणखी आवळली.

डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं. तेव्हा डावा हात आपोआप हलला. लहानपणापासूनची सवय. हात मांडीवर पडला.

शड्डू.

गळा सुटला.

लवू होडीच्या तळाला पडून रक्त ओकत होता. वर लाकडावरून अंग सरकत खाली येत असल्याचा आवाज झाला. सावकाश. मग फळीवर पाय टेकल्याचा. मग काही नाही.

डोलकाठी रिकामी होती.

आणि बाजूला, हाताच्या अंतरावर, कुणीतरी उभं होतं. लवूने मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. श्वास ऐकू येत होता.

शड्डू लवूने ठोकला होता.

आता चढायचं होतं.

तो चढला. एका हाताने, दोन मांड्यांनी. टोकाखाली पकड घातली आणि तिथे चिकटून राहिला. खालून त्याला कुणी हात लावला नाही. पाय ओढला नाही. बुधाजी नियम पाळणारा होता. वरचा आपणहून उतरेपर्यंत तो खांबाला शिवणार नव्हता.

थोड्या वेळाने खालून आवाज आला.

ठप्प.

मांडीवर हात.

लवू उतरला नाही.

मांड्या कापायला लागल्या. पायात गोळे आले. तो रडला, देवाचं नाव घेतलं, आईला हाका मारल्या. खाली शांत. होडी पाणी कापत चालली होती. वारा नव्हता.

ठप्प.

रात्रभर... अधूनमधून...

ठप्प.

"तात्या, पुरे," नलू म्हणाली. रामूने तिला गप्प केलं नाही.

रविवारी उजाडता उजाडता गणपत तांडेल रेवसच्या धक्क्यावर आला. होडी धक्क्याला लागलेली. शीड नीट गुंडाळलेलं. लवू डोलकाठीवर. चार माणसांनी जोर लावून त्याचे पाय सोडवले, तेव्हा डाव्या मांडीचं हाड मोडलं. त्याला खाली फळीवर निजवलं. तांडेल होडीभोवती एकदा फिरला. सुकाणू पाहिलं, शीड पाहिलं, धक्क्याला बांधलेला दोर पाहिला.

"शीड कुणी गुंडाळलं?"

लवूची नजर डोलकाठीच्या बुडाशी गेली.

"होडी धक्क्याला कुणी बांधली? हा हात तुझा लुळा. दुसरा वर अडकलेला."

तांडेल त्याच्याजवळ वाकला.

"बरोबर कोण होतं?"

लवूने डोळे मिटले. ओठ हलले. आवाज आला नाही.

तांडेल उठला. मग पेढ्यांचा पुडा आणि धोतर उचलून त्याने लवूच्या उशाशी ठेवलं. "मी एकटा ये म्हटलं होतं," तो म्हणाला.

लवू सव्वीस दिवस मुंबईत इस्पितळात होता. तिथेच त्याने मला हे सांगितलं. उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. गिरणीतली नोकरी सुटली. कांताचं लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात अलिबागला झालं. होडी तांडेलाने त्याच सकाळी ओहोटीला सोडून दिली. सोडताना दोराची गाठ काही केल्या सुटेना, म्हणून कोयत्याने दोर तोडावा लागला. धक्क्याचा खुंटा सागाचा होता. गाठ त्यात बोटभर आत रुतली होती.