लिडियाच्या शेजारची जागा

आम्ही क्वेकर लोक, म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक साधा पंथ, शपथ घेत नाही. कोर्टातसुद्धा नाही.

आमचं हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. तेव्हा विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हे घडलंय.

आणि रात्री-बित्री नाही हं. १९७४ सालच्या ईस्टरची सकाळ. यॉर्कशायर, थॉर्नबेकची आमची क्वेकर शाळा. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

माझी विनिफ्रेड आत्या तेव्हा साठीला टेकली होती. लग्न केलेलं नाही. मी तिची एकुलती एक भाची, म्हणजे तिचा जीव की प्राण.

पण आत्याला एक जुनं पोटदुखीचं कारण होतं. त्याचं नाव म्युरिएल.

म्युरिएल तिची लांबची बहीण. ती थॉर्नबेकला शिकलेली, तिची आई शिकलेली, आजी शिकलेली. ईस्टरला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की ही बाई नाक वर करून मिरवायची. कारण तिच्या पणजीचं, लिडियाचं भरतकाम शाळेच्या दालनात काचेआड लावलेलं होतं. त्या काळी मुली असं कापड भरायच्या, आणि वेलबुट्टीच्या गोलात आपलं आणि जिवाभावाच्या मैत्रिणीचं नाव घालायच्या.

लिडियाच्या गोलात एकच नाव होतं.

शेजारी... नुसती सुईची भोकं.

आत्याचं म्हणणं, तिथे तमारचं नाव होतं. तमार म्हणजे आत्याची पणजी, लिडियाची चुलत बहीण. तिने क्वेकर नसलेल्या माणसाशी लग्न केलं, आणि आमच्या सभेने, म्हणजे पंथाच्या मंडळींनी, तिला बाहेर काढलं. मग तिचं नाव कुणी तोंडावर आणेना.

"तमार या शाळेत शिकलीच नाही," म्युरिएल चारचौघांत सुनवायची. "उगाच आमच्या वेलीला लोंबकळू नकोस, विनी."

आत्या जळायची. पणजीला तिची जागा परत मिळाली पाहिजे, एवढाच ध्यास. वर्षानुवर्षं ती माजी विद्यार्थ्यांच्या घरी खेटे घालत होती. "तुमच्या आजीने कधी तमारचं नाव घेतलं होतं का हो?" चहा मिळायचा, केक मिळायचा. तमार काही मिळायची नाही.

त्या ईस्टरच्या आदल्या दुपारी मिळाली.

ओबेदकाका म्हणून नव्वदीचे एक गृहस्थ मेळाव्याला आले होते. ते म्हणाले, "तमार ना? माझ्या आजीच्या वर्गात होती की! आधी तिचं नि लिडियाचं अगदी गूळपीठ. मग माझी आजी शाळेत आली, तमारची तिच्याशी गट्टी जमली, आणि लिडियाचं डोकंच फिरलं. भर वर्गात तिने तमारचं नाव उसवलं. 'माझी नाही तर कुणाचीच नाही,' म्हणाली."

"हे उद्या सभेत सांगाल, काका?"

"मी कशाला? तूच सांग. देवाने तोंड दिलंय ना तुला?"

आमच्या सभेत पाद्री नसतो, गाणी नसतात. सगळे गप्प बसतात. आतून आलं तर कुणीही उठावं, बोलावं, खाली बसावं. शेवटी दोन वडीलधारे हात मिळवतात, मग प्रत्येकाने शेजाऱ्याशी हात मिळवायचा. झाली सभा.

म्युरिएल पुढे मानाच्या बाकावर बसली. आत्या मागे. मी उशिरा पोचून दाराशीच बसले, म्हणून तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

शांतता पसरली.

आणि मग...

टक.

दाताने दोरा तोडावा तसा आवाज.

आत्याला वाटलं, कुणीतरी शिवण घेऊन बसलंय. तिने वळून पाहिलं नाही. सभेत छप्पर कोसळलं तरी आम्ही मान वळवत नाही, अशी आमची खोड!

टक...

या वेळी कानाशी. मानेवरच्या केसांना बारीकसा हिसका बसला.

बाक करकरला. कुणीतरी शेजारी येऊन बसलं, अगदी अंगाला अंग लावून. खळ दिलेल्या कपड्याचा वास आला.

तरीही आत्याने पाहिलं नाही. ती उठली.

"तमार या शाळेत शिकली," ती म्हणाली. "लिडियाने तिचं नाव उसवलं, कारण तमार दुसऱ्या कुणाची झालेली तिला बघवली नाही. पण मी लिडियाला नावं ठेवणार नाही. मीही जन्मभर जळत आलेय. तिचं दुःख माझ्याइतकं कुणाला कळणार?"

ती खाली बसली.

बस्स, हेच तिचं चुकलं. हे तिने बोलायला नको होतं.

सभा संपली. आत्याने सवयीने शेजारी हात पुढे केला. एका लहान हाताने तो धरला. गार हात... आणि एका बोटाला पत्र्याचं टोपण, सुई टोचू नये म्हणून घालतात तसं.

आत्याने वळून पाहिलं.

जागा रिकामी होती.

हात मात्र कुणीतरी धरून ठेवलेला होता.

तेवढ्यात दालनातून म्युरिएलची किंकाळी आली. सगळे धावले. काच शाबूत, चौकटीचे गंजके खिळे जागच्या जागी. आणि लिडियाच्या शेजारी, त्या भोकांवर, करड्या रंगात नाव भरलेलं...

विनिफ्रेड.

ओबेदकाकांनी काचेला नाक लावलं. "हा दोरा नाही गं. केस आहेत."

आत्याचा हात मानेमागे गेला. तिथली एक बट गायब होती.

"पणजी माझी!" म्युरिएल रडतच ओरडली. "आणि नाव हिचं? हिचं काय म्हणून?" तिला भीतीचं भानच नव्हतं, नुसता जळफळाट चालला होता.

तेव्हा मी तिला हसले. जळफळायची माझी पाळी पुढच्याच रविवारी आली.

आमच्या गावच्या सभेत मी नेहमीसारखी आत्याला खेटून बसले. मांडीत सुई घुसली. मी बाक चाचपला. काही नव्हतं. पुन्हा घुसली, आणखी खोल.

"ऊठ गं," आत्या कुजबुजली. "तिला चालत नाही."

मी उठून मागे बसले. सभा संपली तेव्हा आत्याने हात त्या रिकाम्या बाजूला दिला. लहानपणापासून तो पहिला हात माझा असायचा! खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी हेवा वाटला.

मी आत्याला माझ्याकडे राहायला बोलावलं. तिच्याच स्वयंपाकघरात उभं राहून, हात जोडून बोलावलं. ती उत्तर देणार, इतक्यात आतल्या खोलीत...

टक.

आत्याने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मला दारापर्यंत ढकलत नेलं. तिचे डोळे भरून आले होते. "तुझं नाव तिच्या कानावर जायला नको," ती पुटपुटली.

त्यानंतर आत्या बरीच वर्षं जगली. आम्ही भेटायचो, पण बाहेर, रस्त्यावर. माझी ख्यालीखुशाली विचारायची, गालावरून हात फिरवायची.

पण मरेपर्यंत तिने मला एकदाही नावाने हाक मारली नाही.