जाळीचं दुसरं टोक

ही गोष्ट माझ्या मामांची. ती खरी आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारण खोटं रचायलाही चार शब्द जास्तीचे लागतात, आणि मामांकडे तेवढे कधीच नसतात. मला ती त्यांनी तीनदा सांगितली. तिन्ही वेळा एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

रात्र नव्हती. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

मामा बाथरूमची गळती बंद करायचं काम करतात. तिसऱ्या मजल्यावरचा एक रिकामा फ्लॅट होता. शॉवरच्या भिंतीतच खिडकी. अशी खिडकी म्हणजे डोक्याला ताप. रोज पाणी अंगावर घेणार आणि चौकटीच्या कडेने ते भिंतीत उतरवणार. मालक परगावी होता. किल्ली खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे होती. गळत होतं ते त्यांच्याच छतातून.

जुन्या टाइल्स मामांनी सोमवारीच काढल्या होत्या. खिडकीच्या कट्ट्याला आतल्या बाजूने उतार दिला होता, म्हणजे पाणी तिथे साचणार नाही. आता पाणी अडवणाऱ्या रसायनाचा कोट द्यायचा आणि कोपऱ्यांत जाळी बसवायची. ही जाळी कापडासारखी मऊ असते. ओल्या कोटावर ती ताणून धरायची आणि वरून ब्रशने दाबायची. एक चुणी राहिली की तिथून पाणी शिरलंच म्हणून समजा.

म्हणजे हे दोन माणसांचं काम.

बावीस वर्षं ते दुसरं माणूस माझी मामी होती. मामा 'धर' म्हणायचे, मामी धरायची. आणि धरता धरता बोलत सुटायची... शेजारणीचं, भाजीच्या भावाचं, मामांच्या चुकांचं. मामी गेली त्याला दोन वर्षं झाली. मामांनी दुसरं कोणी हाताखाली घेतलं नाही. जाळीचं एक टोक चिकटपट्टीने भिंतीला लावायचे आणि एकट्यानेच ओढाताण करायचे. 'धर' म्हणायची सवय मात्र सुटली नव्हती.

त्या मंगळवारीही ते सवयीने म्हणाले, "धर."

आणि चिकटपट्टी सुटली.

जाळी खाली पडायला हवी होती...

पडली नाही.

दुसरं टोक हवेत होतं. ताणलेलं. बोटांत धरल्यावर कापड जसं चुरगळतं, तसं ते दोन जागी चुरगळलं होतं. बाथरूममध्ये कोणी नव्हतं. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायच्या खटपटीत होतं.

मी विचारलं, तुम्ही पळाला कसे नाहीत? मामा म्हणाले, "कोट वाळत होता."

त्यांनी जाळी खालपर्यंत दाबून बसवली. एकही चुणी नाही. शेवटचा हात फिरला आणि पलीकडचं टोक अलगद सुटलं... नेमकं सुटायला हवं तेव्हाच.

मग मामा पालथ्या बादलीवर बसले आणि रडले. हे त्यांनी सांगितलं नाही. पण इथपर्यंत आले की दर वेळी त्यांचे डोळे भरतात, म्हणून मी ओळखलं.

त्यांच्या मनात एकच आलं होतं. ही आली.

बुधवारी मामांनी दाढी केली. कित्येक दिवसांनी. थर्मासमध्ये दोघांचा चहा घेतला. खिडकीचे वरचे कोपरे उरले होते. ते म्हणाले, "धर गं," आणि टोक उचललं गेलं. मग मामा बोलायला लागले. उभ्या आयुष्यात बोलले नसतील एवढं. घर कसं खायला उठतं, भात अजून दोघांचाच कसा लावला जातो, तिचं कपाट अजून कसं उघडवत नाही.

पलीकडून एक शब्द नाही.

मामी आणि गप्प? मामीला पाच मिनिटं गप्प बसवणं दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही जमलं नव्हतं. पण मामांनी मनाची समजूत घातली, मेल्यावर माणूस सुधारत असेल. दुसरा चहा तसाच गार झाला.

खरं तर काम बुधवारीच संपलं होतं. दोन कोट पुरतात. मामांनी गरज नसताना तिसरा काढला. ते टोक आणखी एकदा उचललं जावं, एवढ्याचसाठी.

गुरुवारी किल्ली घ्यायला गेले तेव्हा खालच्या बाई म्हणाल्या, काम लांबलं वाटतं. मग दारातच उभ्या उभ्या, कोणी विचारलेलं नसताना, त्यांनी सांगून टाकलं. वर आधी एक बाई राहायची. एकटी. तिच्याकडे कोणाचं येणं नाही की जाणं नाही. एकदा यांच्या छतातून पाणी यायला लागलं, ते थांबेचना. दार तोडलं तर आत शॉवर चालू होता...

"नऊ दिवस झाले होते म्हणे," बाई म्हणाल्या. "पाणी खाली आलं नसतं, तर आम्हाला पत्ताही लागला नसता."

मामा जिना चढले. आता त्यांना खात्री करून घ्यायची होती, आणि खात्री व्हायला नकोही होती.

खिडकीच्या चौकटीत खाली दोन बारीक भोकं असतात. चौकटीत शिरलेलं पाणी बाहेर जायला. कोट देताना ती बुजली की पाणी चौकटीत साचतं, भिंतीत उतरतं आणि केलेलं सगळं मातीमोल होतं. म्हणून मामी आधी त्यांत काडेपेटीतल्या काड्या खोचायची. मामा दर वेळी विसरायचे, आणि ती दर वेळी ओरडायची. ही युक्ती तिची एकटीची होती.

मामांनी कट्ट्यावर काडेपेटी ठेवली. शेजारी कोटाचा उघडा डबा. म्हणाले, "आता तुझं काम तू कर." दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून बसले.

पेटीतल्या काड्या खुळखुळतील म्हणून त्यांचे कान टवकारले होते.

काही नाही.

पाव तास गेला... अर्धा तास गेला...

मग आवाज आला. ओल्या बोटाने काहीतरी लिंपल्याचा. अगदी हळू, मन लावून केल्यासारखा.

मामांनी दार उघडलं.

काडेपेटी होती तशीच होती. मिटलेली.

दोन्ही भोकं बुजवलेली होती. कोट बोटाने घट्ट दाबून भरला होता, आणि त्यावर ठसा उमटला होता. मामीची बोटं कामाने जाड झालेली. हा ठसा बारीक होता.

बिचारीला वाटलं असेल, मदत करावी. किंवा पाणी पुन्हा खाली जावं, कोणाला तरी कळावं, असंही वाटलं असेल... मामांना ते अजून ठरवता आलेलं नाही.

"तू ती नाहीस," मामा म्हणाले.

खाली फरशीवर उरलेल्या जाळीचा तुकडा पडला होता. त्याचं एक टोक हळूच वर आलं... आणि तसंच थांबलं. पुढचं काम सांगा, असं विचारल्यासारखं.

मामांनी खिळ्याने भोकं मोकळी केली, सामान भरलं, किल्ली दिली आणि घर गाठलं. गळती थांबली. मालकाने फोन करून कौतुकही केलं.

गेल्या महिन्यात मी मामांकडे गेलो. तब्बल पाच महिन्यांनी. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलं होतं. दुपारची वेळ, दार लोटलेलं. मामा आतल्या खोलीत वाळलेली चादर घडी करत होते. चादर मोठी, दोघांच्या पलंगाची. दोन कोपरे मामांच्या हातात होते...

उरलेले दोन जमिनीला टेकले नव्हते.

माझी चाहूल लागली आणि चादर खाली पडली. मी कसंबसं विचारलं, "मामी?"

मामांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना माहीत होतं. घरात पहिल्यांदा असं टोक उचललं गेलं, त्या दिवसापासून माहीत होतं.

मी म्हणालो, "मामा, बॅग भरा. आत्ताच्या आत्ता आमच्याकडे राहायला चला."

मामांनी चादर उचलली, झटकली आणि जराशा चोरट्या आवाजात म्हणाले, "मी आलो तर इथे ती एकटी पडेल रे."

तेव्हापासून मी त्यांना रोज फोन करतो. जायला मात्र अजून पाय उचलत नाही.