फाटकापर्यंत सोबत

“समोरचा वाईट आहे हे ओळखलंस म्हणजे काम झालं असं नाही, आई. आधी विचार, तुला काय हवंय. मग तलवारीला हात घाल.”

माझी लेक मला हे पहिल्याच रविवारी म्हणाली होती. तिच्या खोलीत, खिडकीला लावून ठेवलेल्या जुन्या टेबलावर आम्ही चौघं दुपारी खेळायला बसायचो. ती, तिची दंतवैद्य मैत्रीण, माझे धाकटे दीर आणि मी. खेळ कल्पनेतला. लेकीनं हातानं काढलेला चौकटींचा नकाशा, फासे, लाकडी सोंगट्या. आम्ही तिघं एकेक पात्र घ्यायचो. उरलेलं सगळं जग, त्यातल्या चेटकिणी, दरोडेखोर, खानावळवाले, लेक एकटी बोलायची. मी पहाटे आणि दिवेलागणीला दिवा लावून जप करते. एकतीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. म्हणून तिनं मला धर्मयोद्धा दिला. “तुला वेगळं सोंग आणायला नको,” म्हणाली.

धर्मयोद्ध्याला स्वतःची शपथ लिहावी लागते. मी लिहिलं, खोटं बोलणार नाही, दुष्टाला अभय देणार नाही.

“वहिनी, तुमच्या योद्ध्याला बघून माझा चोर आपण होऊन कोठडीत जाऊन बसेल,” दीर म्हणाले. “आतून कडीसुद्धा लावून घेईल.”

“काका, कोठडीला आतून कडी नसते,” लेक म्हणाली.

“म्हणजे तुला अनुभव आहे तर.”

शेवटच्या रविवारी ती उशांना टेकून खेळवत होती. औषधांनी आवाज खरवडून निघाला होता. नकाशातल्या पुलावर आम्ही चेटकिणीला गाठलं. तीन गावं जाळलेली बाई. तिनं काठी खाली टाकली, आणि लेक तिच्या आवाजात म्हणाली, “मला फाटकापर्यंत सोबत कर. पलीकडे न्याय होतो. होईल ती शिक्षा घेईन. एकटीला भीती वाटते.”

मी शपथेच्या कागदाकडे पाहिलं आणि वार करायला फासा टाकला. दान मोठं पडलं.

“ती शरण आली होती, आई.” लेक एवढंच बोलली. चेटकिणीची काळी सोंगटी उचलून तिनं डब्यात ठेवली आणि वहीत चेटकिणीच्या पानावर लिहिलं, प्राण शून्य.

नऊ दिवसांनी लेक गेली. रुग्णालयात, पहाटे. मी जपासाठी घरी आले होते. जाऊन येऊन चाळीस मिनिटं. नर्सनं मला जिन्याजवळ घेऊन हळूच सांगितलं, ती शेवटी दोनदा विचारत होती, आईचा जप झाला का. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दिरांनाही नाही.

महिन्याभरानं मैत्रीण म्हणाली, “काकू, तिचा खेळ अर्धा राहिलाय. मी चालवते. पुरा करू.” मी हो म्हटलं. तेवढंच त्या खोलीत बसायला निमित्त.

पुन्हा बसलो त्या पहिल्या रविवारी टेबलावरचं कापड काढलं, तर काळी सोंगटी पुलावर उभी होती.

“भाऊजी, ही चेष्टा बरी नाही,” मी म्हणाले.

“वहिनी, मी वाटेल तो वात्रटपणा करीन. हा नाही करणार.” त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. सोंगटी मीच डब्यात ठेवली. लाकूड ऊन लागत होतं, कुणी बराच वेळ मुठीत धरल्यासारखं. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून असेल.

दुसऱ्या रविवारी मैत्रिणीनं वही उघडली आणि उघडीच ठेवली. आठवडाभर ती वही तिच्या दवाखान्यातल्या कपाटात कुलपात होती. चेटकिणीच्या पानावरचं शून्य खोडलेलं होतं. शेजारी पेन्सिलीनं एक. माझ्या लेकीचा एक, खाली पायासारखी आडवी रेघ दिलेला.

आम्ही तासभर खेळलो. कोण कुठे गेलं, काय जिंकलं, मला आठवत नाही.

तिसऱ्या रविवारी पुलाजवळ आल्यावर मैत्रीण वर्णन करता करता थांबली. वाक्याच्या मध्येच, श्वास घ्यायला. लेक शेवटी शेवटी थांबायची तशी.

“आई,” ती म्हणाली. “जप झाला का?”

आवाज मैत्रिणीचाच होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. नकाशाकडे बघत होती.

दिरांनी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली. “काय झालं? मी पुलाचं सांगत होते ना?”

काळी सोंगटी पुलावर होती. आमच्या सोंगट्या नकाशावरच असायच्या; त्या दिवशी डबा कुणी उघडलाच नव्हता.

मी माझा शपथेचा कागद पुढे ओढला. दुष्टाला अभय न देण्याची दुसरी ओळ खोडली. रेघ वाकडी आली. खाली लिहिलं, शरण आलेल्याला सोबत करीन. मग मोठ्यानं म्हणाले, “झाला जप. आता कुठे जात नाही. फाटकापर्यंत येते तुझ्याबरोबर.”

“वहिनी,” थोड्या वेळानं दीर हळूच म्हणाले. “दिव्याची वेळ होत आली.”

“होऊ दे.”

“काकू, फाटकापलीकडे तिनं काही काढलेलंच नाही,” मैत्रीण म्हणाली. “कोरा कागद आहे.”

“असू दे.”

दिरांनी दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. मैत्रिणीनंही ठेवले.

फाटक अकरा घरं लांब होतं. मी माझी सोंगटी एक घर पुढे सरकवली आणि बोट उचललं.

शेजारची काळी सोंगटी एक घर पुढे आली.