वाटेत आलेला किल्ला

'समोर किल्ला आहे. महादरवाजा बंद आहे. थांबते आहे.'

चंद्रावरच्या वसाहतीत हा संदेश आला, तेव्हा शलाकाच्या हातातला चिवडा हातातच राहिला. संदेश आईच्या गाडीचा होता. चंद्रावर किल्ला नाही, हे गाडी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पण नकाशा सोडून माणसांच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, असं गाडीला शिकवलं होतं. शिकवणारे शलाकाचे आजोबाच. गाडीत हवा उरली होती चाळीस मिनिटांची, आणि घर तीस मिनिटांवर.

किल्ला शलाकाचा होता. दिवाळीत किल्ला हवाच, आणि इथे माती घरात आणायला बंदी. म्हणून सकाळी तिने वसाहतीच्या नकाशावरच बुरूज, खंदक, दरवाजा सगळं काढलं होतं.

"पण आजोबा, मी सेव्ह केलंच नव्हतं."

नकाशाची फाइल कशी उघडलीस, असं आजोबांनी विचारलं. 'सामायिक', ती म्हणाली. शब्द चांगला वाटला, म्हणून. मुलांना नकाशावर लिहायची परवानगी कोणी दिली, हे मात्र आजोबांनी विचारलं नाही. ती त्यांनीच दिली होती.

"आधी पूस. पुसता पुसता ऐक," ते म्हणाले.

नकाशा इतका मोठा की मेमरीत (संगणकाची चालू कामाची जागा) मावत नाही. म्हणून प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला (संगणकाचा कारभारी) सांगतो, फाइल मेमरीशी जोडून दे. कारभारी फाइल उचलून आणत नाही, नुसते पत्ते देतो. ज्या पत्त्याला हात लावाल, तेवढंच पान (फाइलचा लहानसा तुकडा) आणून ठेवतो.

"गाडीला वाट दाखवणारा प्रोग्रॅमही याच संगणकावर आहे, याच फाइलशी जोडलेला. सामायिक म्हटलं की दोघांना पान एकच. तू लिहिलंस, त्याने वाचलं. सेव्हची वाट कोण बघतो?"

"म्हणजे मी माझ्या वहीत नाही, वर्गाच्या फळ्यावर लिहीत होते?"

"ठळक अक्षरांत."

शेवटचा खंदक पुसला आणि त्याच क्षणी संदेश आला. 'किल्ला दिसत नाही. निघते आहे.'

वाट बघताना आजोबांनी तोच नकाशा 'खासगी' म्हणून उघडून दाखवला. त्यात लिहायला गेलं की कारभारी आधी त्या पानाची प्रत काढतो. मग काय वाटेल ते बांधा, मूळ नकाशा जसाच्या तसा. शलाकाची नजर वसाहतीच्या दरवाज्यावरच्या लाल दिव्यावरून हलली नाही.

दिवा हिरवा झाला, तेव्हा गाडीत दोन मिनिटांची हवा होती. आईने शिरस्त्राण काढलं, लेकीला घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"उजवा बुरूज वाकडा होता," मग ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बाहेर खरा बांधू, चंद्राच्या मातीचा. गाडीला आधी कळवून."