पनागरहून राइट टाउनला

पहिल्याच भेटीत मी आल्हादला शर्ट काढायला सांगितलं होतं.

चूक माझी नव्हती. पनागरच्या आमच्या एक्स-रे केंद्रात सकाळी आठलाच रांग लागते. तो त्या रांगेत उभा होता, थंडीनं खोकत. मी तिथली टेक्निशियन, नेहमीसारखं म्हटलं, "शर्ट काढा, छाती इथे टेकवा."

"काढतो जी," तो हसला, "पण मी कम्प्युटरवाला आहे. कुंदाताईंनी पाठवलं."

माझे कान तापले… आणि दिवसभर तापलेलेच राहिले.

कुंदाताई आमच्या डॉक्टर. त्या शहरात, राइट टाउन भागात बसतात. मी इथे फोटो काढायचा, त्यांनी तिथे बघून रिपोर्ट द्यायचा. तोवर सगळं मोबाइलवरून चालायचं. दिवाळीआधी माझं बोट चुकलं आणि एका मुलीचा टीबीचा रिपोर्ट ताईंऐवजी गावाच्या ग्रुपवर गेला. आठवड्यात तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून काहीही पाठवण्याआधी मी नंबर पुन्हा पुन्हा वाचायची.

हे मी आल्हादला सांगितलं तेव्हा त्यानं समजूत घातली नाही. फक्त खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, "तुमचं नाव टाइप करा."

मी केलं — यशश्री. इथून राइट टाउनला जाताना वाटेत कुणी डोकावलं तर त्याला काय दिसेल, ते त्यानं पडद्यावर दाखवलं. माझं नाव, स्वच्छ. मग त्यानं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा झाकलेला खासगी रस्ता, सुरू केला आणि पुन्हा टाइप करायला सांगितलं. या वेळी पडद्यावर नुसता अक्षरांचा चुरा होता. आणि त्याच क्षणी राइट टाउनच्या पडद्यावर माझं नाव अखंड उमटलं होतं. ताईंनी फोनवर वाचून दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या लोकांमधून जायचं, आणि कुणाला दिसायचं नाही…

"जादू नाही आहे," तो म्हणाला. मग खोटही त्यानंच सांगितली. काम थोडं हळू होईल. व्हीपीएन फक्त रस्ता राखतं. तुमचा पासवर्ड कुणाला मिळाला, तर तो तुमच्याच नावानं आत येईल. आणि राइट टाउनला ठेवलेलं व्हीपीएनचं मशीन बंद पडलं, की दोन्हीकडचं काम ठप्प. आपल्याच मालाची खोट अशी शांतपणे सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

काम खरंच हळू झालं. मी तक्रार करायची, तो स्कूटरवर हजर व्हायचा. एकदा विचारलं, हे तिकडे बसून नाही होत का हो?

"होतं," तो म्हणाला, आणि वायर तपासत राहिला.

जानेवारीत मावठं आलं, गारांसकट. त्या दुपारी वाटाण्याच्या ट्रॉलीवरून पडलेल्या एका शेतकऱ्याला आणलं. दिवाकर नाव, तिशीचा. ओठ निळे पडत होते. फोटोत डावी बाजू काळीभोर दिसली, पण मी डॉक्टर नाही. पाठवायला गेले, तर व्हीपीएन बंद. राइट टाउनमध्ये वीज कोसळून मशीन जळलं होतं. मोबाइल हातात होता… आणि डोळ्यांपुढे दिवाळीआधीची ती मुलगी.

मी आल्हादला फोन लावला.

"नाव झाका, आणि मोबाइलवरून थेट ताईंना पाठवा. मी त्यांना सांगून राहिलो."

"पण मोबाइलवरून पाठवायचं नाही, असं तुम्हीच —"

"मीच म्हटलं होतं. दुसरं मशीन ठेवायला पाहिजे होतं, नाही ठेवलं. गलती माझी आहे, यशश्री. तुम्ही पाठवा."

मी नंबर तीनदा मोठ्यानं वाचला आणि पाठवला. चौथ्या मिनिटाला ताईंचा फोन: छातीत हवा कोंडून फुप्फुस मिटलंय, लगेच नळी घाला. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. नळी गेली, हवा सुटली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या ओठांवर रंग परतला. मी भिंतीला टेकून नुसती बघत राहिले.

तासाभरानं आल्हाद आला, चिंब, कपाळावर गारेची खूण. कम्प्युटरकडे त्यानं बघितलंही नाही. आधी दिवाकरची चौकशी केली. मग माझ्यासमोरच ताईंना फोन करून चूक आपली असल्याचं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. ताई रागावल्या असाव्यात, कारण तो बराच वेळ "हो जी" एवढंच म्हणत होता. मी ओल्या केसांच्या त्या माणसाकडे बघत होते, आणि मघाशी भिंतीला टेकून बघत होते तसंच काहीतरी छातीत भरून येत होतं.

राइट टाउनला दुसरं मशीन बसलं त्या दिवशी इकडची तपासणी संपवून त्यानं बॅग आवरायला घेतली. मी दार अडवून उभी राहिले.

"रविवारी शहरात, दीक्षितपुऱ्यात आमच्या घरी या. आई-बाबांना सांगून ठेवलंय."

"काय सांगितलं?"

"की तुम्ही मला आवडता."

बॅगेची चेन अर्ध्यावर थांबली.

"मी तर हेच बोलायला आलो होतो," तो म्हणाला. "रस्त्यात तीनदा गाडी थांबवली."

"मग बोला ना."

आणि तो बोलला. अडखळत… अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. बाहेर रांग खोळंबली होती. तरी मी त्याला एकदाही थांबवलं नाही.